खांबावरचं जाकीट

लोमा आल्ताच्या सभागृहात शिरलं की समोरच्याच भिंतीवर हिरव्या अक्षरांत सायरनचे नियम रंगवलेले दिसतात. अक्षर आमाब्ले मिस्त्रींचं. पहिल्या ओळी ऐसपैस, आणि खाली खाली जागा संपत आल्यासारखी दाटी. बटण दाबलं गेलं की प्रत्येक घरातून माणूस बाहेर आलाच पाहिजे, हातातला घास टाकून. विनाकारण दाबणाऱ्या घरानं पुढच्या मिंगाला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या कामाच्या दिवशी, सगळ्यांना पाव आणि गरम मोरोचो पाजायचा. एका वर्षात तीनदा विनाकारण दाबलं तर त्या घराचा रिमोट काढून घ्यायचा. नियम सगळ्यांना सारखा.

त्याच्याही खाली, अगदी फरशीला टेकेल अशी एक ओळ आहे : मिस्त्रींच्या बायकोलासुद्धा.

ती थट्टा होती. मिस्त्री गुडघ्यावर बसून रंगवत होते, मागे उभं राहून कुणीतरी म्हणालं, "सगळ्यांना सारखा म्हणता, पण तार्हेलियाबाईंचा रिमोट काढायची तुमची छाती आहे का?" आणि मिस्त्रींनी हसत हसत ती ओळ लिहून टाकली. तार्हेलिया तेव्हा मोरोचोचं पातेलं घेऊन दारात उभी होती. मक्याच्या त्या दुधाळ, दालचिनी घातलेल्या खिरीचा वास अजून तिच्या डोक्यात त्या हिरव्या रंगाच्या वासात मिसळलेला आहे.

ती कीतो शहराच्या दक्षिणेकडची टेकडी. दुपार कलली की ढग गल्ल्यांचे जिने चढून वर येतात आणि समोरचं घर पुसून टाकतात. अशा वेळी चोरांचं फावायचं. गच्चीवरून गॅसचे सिलिंडर जायचे, दोरीवरचे कपडे जायचे, एकदा तर कुणाच्या खुराड्यातले सगळे कुई, म्हणजे खाण्यासाठी पाळलेले गिनीपिग, उचलून नेले, नाताळासाठी पोसलेले. पोलीस चौकी खाली, बस थांब्यापाशी. त्यांची गाडी वर येईपर्यंत चोर घरी जाऊन जेवायला बसलेला असायचा. आमाब्ले मिस्त्रींनी घराघरात जाऊन लोकांना तयार केलं, खांबावर सायरन बसवला, प्रत्येक घराला बोटाएवढा रिमोट दिला. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली या माणसानं, पण विचारलं तर सांगायचा, "मी काय केलं? सायरन बसवला." घरं त्याच्या मोजणीतच नव्हती.

खोट्या सायरनचा त्यांना फार राग. "एकदा वाजून काही निघालं नाही तर माणूस चिडतो," ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा चप्पल शोधत बसतो. तिसऱ्यांदा खिडकीतून बघतो. आणि चौथ्यांदा खरंच कुणाचा गळा चिरत असतील ना, तेव्हा तो टीव्हीचा आवाज वाढवतो."

म्हणूनच त्यांनी लुस्मिलाचा रिमोट काढून घेतला होता. लुस्मिला म्हणजे कोपऱ्यावरची पावाची दुकानवाली. तिच्या नातवाला बटणाचं खेळणं झालं होतं. मिस्त्री स्वतः गेले, हात पुढे केला. "मिस्त्री, तुमच्या पोराची मी धर्माची आई आहे," ती म्हणाली. खरंच होतं. फाउस्तोला बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली तिनंच धरलं होतं, तेव्हापासून ती आणि तार्हेलिया एकमेकींना कोमाद्रे म्हणत, सख्ख्या बहिणींनी म्हणावं तसं. मिस्त्री म्हणाले, "म्हणूनच मी आलोय, दुसऱ्याला नाही पाठवलं." पुढे महिन्याभरातच लुस्मिलाच्या गच्चीवरचे सिलिंडर गेले. ती पातेली बडवत राहिली, लोकांना वाटलं कुणाचा तरी वाढदिवस आहे. तेव्हापासून कोमाद्रे हा शब्द गेला. ती पाव द्यायची, सुट्टे द्यायची, आणि बघायची दुसरीकडे.

फाउस्तो कमाईसाठी परदेशी, उत्तरेला गेला त्याला दोन वर्षं झाली. पायी, बसनं, होडीनं, वाटेत मिळेल ते काम करत, जसे सगळे जातात तसा. निघताना निळं जाकीट खुंटीलाच ठेवून गेला. "तिकडे वाटेत उकडतं, आई. तिथे पोचलो की नवीन घेईन." जाकिटाच्या उजव्या कोपरावर तार्हेलियानं तपकिरी ठिगळ लावलं होतं, ते त्याला कधी आवडलं नाही.

मागच्या सप्टेंबरात एका अनोळखी माणसाचा फोन आला. फाउस्तोबरोबर चालत होता तो. नदी ओलांडताना, म्हणाला. पाणी वाढलं, म्हणाला. त्याला नीट पुरलं, दगड ठेवला, एवढं त्यानं दोनदा सांगितलं, जणू तेवढंच त्याला देता येण्यासारखं होतं.

मिस्त्रींचं विसरणं तोवर सुरू झालेलं. आधी शब्द, मग रस्ते. तार्हेलियानं त्यांना समोर बसवून सांगितलं. ते ओरडले नाहीत. टेबलाची कड घट्ट धरून बसले आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेत राहिले, पाण्यातून काढल्यासारखे. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेता घेता विचारलं, "पोराचा काही फोन?" तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तीच टेबलाची कड, तेच उघडं तोंड. संध्याकाळी परत विचारलं. तेव्हा तार्हेलिया म्हणाली, "आला होता. बरा आहे. तिकडे फोन लागत नाही नीट."

त्या दिवसापासून तिनं कुणालाच सांगितलं नाही. लोमा आल्तात एकीला सांगितलं की सगळीकडे होतं. मग बायका काळे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन दारात आल्या असत्या, नऊ दिवस जपमाळ चालली असती, आणि प्रत्येकीनं मिस्त्रींचा हात हातात घेऊन म्हटलं असतं, "धीर धरा." नऊ दिवस, रोज, त्या माणसाचा मुलगा नव्यानं मेला असता. म्हणून तार्हेलियानं आपली लाल शाल काही बदलली नाही. बाजारात कुणी विचारलं, फाउस्तो काय म्हणतो, की ती म्हणायची, "काम फार आहे म्हणतो."

डिसेंबरात मुलीबाळी दारोदार जुने कपडे मागत आल्या. वर्ष सरताना चिंध्या-भुशाचे बाहुले करायचे आणि जुन्या वर्षाबरोबर जाळून टाकायचे, सरत्या वर्षात जे काय दुखलं असेल ते त्यात घालायचं, ही इथली रीत. तार्हेलियानं खुंटीवरचं जाकीट काढलं, एकदा नाकाशी नेलं आणि देऊन टाकलं. पोराला ना पेटी मिळाली, ना घंटा, ना मूठभर माती. निदान आग तरी मिळेल. ती आगीजवळ उभी राहिली शेवटपर्यंत. एकेक बाहुला पेटला, फटाके फुटले, लोकांनी मिठ्या मारल्या. निळं जाकीट काही आलं नाही.

ते दोन दिवसांनी दिसलं. वरच्या जिन्याजवळच्या विजेच्या खांबावर, कमरेला दोर बांधून टांगलेलं. आत भुसा, डोक्याच्या जागी पोतं, गळ्यात पाटी : चोर सापडला तर जाळू. असे बाहुले सगळ्याच वस्त्यांत असतात, चोरांना धाक म्हणून. वस्तीची अध्यक्ष नार्सिसाबाई जिन्यावरच भेटली.

"तुझ्या फाउस्तोचंच ना गं ते जाकीट? इतका झकास झाला बाहुला की जाळवेना. म्हटलं, राखण करू दे गल्लीची. पोरगा परत आला की पोट धरून हसेल बघ."

"हसेल," तार्हेलिया म्हणाली. आणि त्या दिवसापासून बाजारात जायला तिनं मागचा जिना धरला.

मिस्त्रींना लांबचं दिसत नाही असं तिला वाटायचं. पण जानेवारीतल्या एका दुपारी ऊन पडलं, ढग उशिरा आले, मिस्त्री गच्चीवर मक्याची कणसं सोलत बसले होते, आणि सायरन वाजला. तार्हेलिया धावत वर गेली. मिस्त्री कठड्याला ओणवून दोन्ही हातांनी बटण दाबत होते. खाली जिन्यांवर माणसंच माणसं. कुणी झाडू घेऊन, कुणी काठी, शिंपी तर कात्री घेऊन.

"पोराला टांगलंय!" मिस्त्री तिच्याकडे वळले. ओठ पांढरे पडलेले. "तार्हेलिया, आपल्या पोराला चोर म्हणून टांगलंय! शिडी आण. लवकर, शिडी!"

तिनं त्यांना पोटाशी धरलं, खाली वळून हसत हात हलवला. "माझ्या हातून दाबलं गेलं हो! पुसायला घेतला होता रिमोट!"

"मग मोरोचोत मनुका घाल भरपूर!" खालून कुणीतरी ओरडलं. लोक हसत परत गेले.

मिस्त्रींना शांत करायला अंधार पडावा लागला. तो बाहुला आहे, भुसा आहे, असं ती सांगायची. ते म्हणायचे, जाकीट कुणाचं मग? ठिगळ तूच लावलंस ना?  सकाळी सगळं पुसलं गेलं होतं, पण खांब होता तिथेच होता.

तिनं रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला. मिस्त्रींनी घर उलथंपालथं केलं. गाद्या उलटल्या, चुलीमागे हात घातले. "अख्खी वस्ती माझ्यावर विसंबून झोपते गं," ते रडकुंडीला आले. कपाळावर घाम. दुपारपर्यंत तिला ते बघवेना. तांदूळ झटकून तिनं रिमोट त्यांच्या खिशात ठेवला, तेव्हा कुठे ते जेवले.

मग ती नार्सिसाकडे गेली. "तो खांबावरचा बाहुला काढता येईल का?"

"का गं?"

"उगाच. भीती वाटते बघून."

"अगं, चोरांनाच वाटावी म्हणून तर आहे ना! तो टांगल्यापासून एक सिलिंडर गेला नाही." नार्सिसा वाईट बाई नव्हती. तिनं तार्हेलियाच्या दंडावर हात ठेवला. "दुसरं काही कारण असेल तर सांग. सभेत मांडते."

कारण तोंडाशी आलं होतं. तार्हेलियानं ते गिळलं. "नाही, दुसरं काही नाही."

पडदे लावून ठेवले, गच्चीला कडी घातली, तरी फेब्रुवारीत पुन्हा वाजला. या वेळी लोक हसले नाहीत. शिंपी चप्पल शोधत आला होता, मिस्त्री म्हणायचे तसाच. तार्हेलियानं पुन्हा पुसण्याचंच कारण सांगितलं.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती लुस्मिलाच्या दुकानात होती, हातात पावाची पिशवी. सायरन ऐकताच तिच्या हातून पिशवी सुटली. गोल गोल पाव दुकानभर गडगडले. लुस्मिलानं पावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तार्हेलिया घराकडे पळाली. जिन्यावर फक्त चार माणसं होती. बाकीच्या खिडक्यांचे पडदे हलले आणि थांबले.

रविवारी सभा. मिस्त्रींना सभेचं वेड. दाढी करून, हॅट घालून ते पहिल्या रांगेत बसले, हिरव्या अक्षरांच्या अगदी समोर. येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं हाक मारत होते, निम्मी नावं चुकत होती, लोक निमूटपणे त्या चुकीच्या नावांना ओ देत होते.

नार्सिसानं घसा साफ केला. "एका घरातून वर्षात तीनदा. अजून मार्चसुद्धा संपलेला नाही. मला बोलायला बरं वाटत नाही, पण विचारणं भाग आहे. कुणी दाबलं?"

"मी," तार्हेलिया म्हणाली.

"पुसताना?" मागून एक आवाज आला. "घर पुसता की सायरन पुसता, बाई?"

थोडं हसू पिकलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून लुस्मिला उठली. "मला बोलायचंय."

 दोन घरांमधलं वितुष्ट सगळ्यांना माहीत होतं. तार्हेलिया वळली. लुस्मिलाला ठाऊक होतं की सायरन वाजला तेव्हा ही आपल्या गल्ल्यासमोर उभी होती. एक वाक्य, आणि मग कुणीतरी मिस्त्रींना विचारणार, का दाबलंत? आणि मिस्त्री सांगणार, पोराला टांगलंय म्हणून. मग कुणीतरी हसत म्हणणार, फाउस्तोला फोन लावून द्या बघू यांना.   तार्हेलियाचा एक हात मिस्त्रींच्या पाठीवर होता, लहान मुलाच्या पाठीवर असावा तसा.

लुस्मिलानं तो हात पाहिला. 

"नियम म्हणजे नियम," ती शेवटी म्हणाली. "माझा घेतला होता, हिचा घ्या." आणि खाली बसली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. काढलं उट्टं, त्या नजरा म्हणाल्या.

नार्सिसा पुढे आली, पण हात पुढे करायचा तिला धीर होईना. तेव्हा आमाब्ले मिस्त्रीच उभे राहिले. त्यांनी आपल्याच खिशातून रिमोट काढला, चष्म्याशी धरून पाहिला आणि नार्सिसाच्या हातावर ठेवला. मग बायकोकडे वळले. आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला होता, विटांच्या ढिगावर उभं राहून बोलायचे तसा.

"तार्हेलिया, मला तुझी लाज वाटते. खोटा सायरन वाजवला की माणसं यायची थांबतात, हे तुला मी सांगायला हवं? उद्या कुणाचं पोर संकटात असलं आणि कुणीच बाहेर आलं नाही, तर?"

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर म्हण."

"चुकलं माझं."

मिस्त्रींनी समाधानानं मान हलवली आणि बोटानं भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ दाखवली. "लिहिलेलंच आहे." या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली असताना लुस्मिलानं तिला आत ओढलं, मैद्याच्या पोत्यांमागे.

"आता बोल. म्हातारा दाबतो ना? मग स्वतःवर का घेतलंस? माझ्यासमोर खोटं बोलू नकोस, कोमाद्रे."

इतक्या वर्षांनी तार्हेलियानं तो शब्द ऐकला. ती पोत्यावर बसली. नदी, फोन, दगड, टेबलाची कड, जाकीट. सांगताना ती रडली नाही. रडायची सवयच मोडली होती. लुस्मिला मात्र तोंडात एप्रनचा बोळा कोंबून भिंतीला टेकली. तिनं पाण्याखाली धरलेलं पोर होतं ते.

"सप्टेंबरपासून?" तिनं विचारलं. "सप्टेंबरपासून तू एकटी?"

"कुणाला सांगू नकोस. यांच्या कानावर जाईल."

"मी कुणाला सांगतेय! मी तर कुणाशी बोलतसुद्धा नाही, तुझ्या नवऱ्याच्या कृपेनं." दोघी त्या पोत्यांमध्ये ओठ दाबून हसल्या, आणि ते हसू कसं तरीच संपलं.

लुस्मिलानं नार्सिसाला गाठून सांगितलं की बाहुल्याच्या जाकिटात उंदरांनी पिल्लं घातली आहेत, सगळ्या गल्लीत होतील. शिडी तिनंच आणली. जाकीट उतरवून तिथे आपल्या मेलेल्या नवऱ्याचा रेनकोट चढवला. "जिवंतपणी कधी राखण केली नाही, आता करू दे," एवढं शिडीवरूनच मोठ्यानं म्हणाली, म्हणजे बघणाऱ्यांना हसायला काहीतरी मिळालं. मग भुसा झटकून जाकीट तार्हेलियाकडे घेऊन आली.

"जाळू या का? माझ्या भट्टीत. आपण दोघीच."

तार्हेलियानं जाकीट हातात घेतलं. पावसानं रंग उडाला होता. ठिगळ मात्र घट्ट होतं. डिसेंबरात जे जमलं होतं ते आता जमेना. तिनं ते धुतलं, गच्चीवर वाळत घातलं. ते वाळायच्या आत मिस्त्रींनी पाहिलं.

"आला वाटतं फाउस्तो!"

त्यांचा चेहरा असा उजळला की तार्हेलियाच्या तोंडून 'नाही' निघेना. "आला. कामावर गेलाय लगेच."

त्या दिवसापासून बटाट्याच्या सूपच्या तीन वाट्या मांडल्या जातात. मिस्त्री स्वतः मांडतात. तिसऱ्या वाटीत चीजचा मोठा तुकडा घालतात आणि म्हणतात, "गार होईल. येईलच इतक्यात." ते झोपले की तार्हेलिया ती वाटी पातेल्यात परत ओतते.

आणि लुस्मिलानं काळे कपडे घातले. डोक्यापासून पायापर्यंत. कुणी विचारलं तर म्हणायची, लाताकुंगा गावाकडचं नात्यातलं कुणी गेलं. दुकानात मेणबत्ती लावली. तार्हेलियानं सकाळी पाव घ्यायला जाताना ते पाहिलं आणि तशीच उंबऱ्यावर उभी राहिली. लाल शालीतली आई, काळ्या कपड्यांतली धर्माची आई. लुस्मिलानं पाव मोजून दिले आणि म्हणाली, "नऊ दिवस म्हणणार आहे मी जपमाळ. दार उघडं असेल."

मिस्त्रींनीही तो काळा पोशाख खिडकीतून पाहिला होता. "पाववालीचं कोण गेलं गं?"

"लांबचं कुणीतरी."

"मग अजून गेलो कसे नाही आपण?" ते उठून हॅट शोधू लागले. "भांडण असेल, पण मरणाला जायलाच हवं. चल."

"उद्या जाऊ."

"आत्ता."

अडवून उपयोग नव्हता. वाटेत त्यांनी कुणाच्या तरी कुंडीतलं जरेनियमचं फूल तोडलं. लुस्मिलाच्या दुकानामागच्या खोलीत मेणबत्ती होती, पाण्याचा पेला होता, फोटो नव्हता. मिस्त्रींनी हॅट काढली. लुस्मिलाचे दोन्ही हात हातात घेतले आणि जे कुणी बोलू नये म्हणून तार्हेलियानं साऱ्या वस्तीला सात महिने दारापासून लांब ठेवलं होतं ते सगळं स्वतःच बोलले.

"धीर धरा, बाई. वय काय होतं?"

लुस्मिलानं तार्हेलियाकडे पाहिलं. "सव्वीस."

"अरेरे. आईवडील आहेत?"

"आहेत."

"त्यांचं कसं होणार हो," मिस्त्री म्हणाले. "पोर आधी गेलं की घराला छप्परच राहत नाही. त्यांना सांगा, आम्ही सगळे आहोत म्हणून. रात्रीबेरात्री हाक मारा म्हणावं."

तेव्हा तार्हेलिया कोसळली. खुर्चीवरून घसरून जमिनीवर, मेणबत्तीसमोर. सप्टेंबरपासून आत कोंडलेला आवाज बाहेर पडला, सायरनसारखा एकसुरी. लुस्मिलानं तिला छातीशी धरलं. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघींनी डोकावून क्रूसाची खूण केली. मरणाच्या घरात रडणाऱ्या बाईला कोण काय विचारणार.

मिस्त्री अवघडून उभे राहिले. मग वाकून त्यांनी बायकोच्या खांद्यावर थोपटलं.

"एवढी का रडतेस?" ते हलकेच म्हणाले. "तुझी ओळख तरी होती का त्याच्याशी? चल, ऊठ. घरी जाऊ. फाउस्तो यायची वेळ झाली, त्याला दार कोण उघडणार?"